फिनच्या फोटोंवरून काढलेली डॉल्फिनची संख्या वर्षभरात जवळजवळ पंचवीस टक्क्यांनी वाढली: चूक कुठे शोधायची?

भरतीरेषा

बॉटलनोज डॉल्फिनच्या एका किनारी गटाची संख्या फोटो-आयडीवरून, म्हणजे पाठीवरच्या फिनच्या फोटोंवरून एकेक प्राणी ओळखून, काढायचं काम चालू आहे. यंदाचे आकडे असे:

पहिली फेरी, सलग चार दिवस: ओळख पटलेले खुणेचे (फिनच्या कडेला ओळखू येणाऱ्या खाचा असलेले) प्राणी ४०
दुसरी फेरी, तीन आठवड्यांनी, पुन्हा चार दिवस: ५०
दोन्ही फेऱ्यांत सापडलेले: १६
चांगल्या प्रतीच्या फोटोंतून चिठ्ठ्या टाकाव्या तशा उचललेल्या १५० फिनपैकी खुणा असलेल्या: १०५, म्हणजे ०.७

दोन फेऱ्यांतल्या आणि दोन्हींत सापडलेल्या आकड्यांवरून संख्या काढणाऱ्या चॅपमनच्या सूत्राने (४१ × ५१ ÷ १७) − १ = १२२ खुणेचे प्राणी. त्याला ०.७ ने भागलं की बिनखुणेचे धरून एकूण १७४. गेल्या वर्षी याच पद्धतीने १४० आले होते. पट्टा तोच, बोट तीच, मोसम तोच. फोटो काढणारा यंदा नवीन आहे, आणि जुळणी (कोणत्या फोटोंत एकच प्राणी आहे हे ठरवणं) एकाच व्यक्तीने केली आहे.

ही वाढ खरी मानायची का? नसेल तर तपासणी कुठून सुरू करायची? साधारण ६,००० फ्रेम आहेत, त्या सगळ्या पुन्हा बघायच्या का? आणि अहवालात आकडा कसा लिहायचा?

---

मोजपट्टी

आधी जीवशास्त्र, मग गणित. बॉटलनोज मादीचं गर्भारपण साधारण १२ महिन्यांचं. पिल्लू त्यानंतर तीन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त, आईबरोबर राहतं. त्यामुळे आधीचं पिल्लू जगलं असेल तर दोन वेतांमधलं अंतर सहसा तीन वर्षांच्या खाली येत नाही. डॉल्फिन-देवमाशांसाठी वेगळी माहिती नसेल तेव्हा वाढीचा कमाल दर वर्षाला ४ टक्के धरतात. त्या हिशेबाने १४० चे फार तर १४५-१४६ होतील. १७४ जन्मांनी होणं शक्यच नाही. मग उरतात तीन शक्यता: बाहेरून प्राणी आले, जुळण्या निसटल्या, किंवा दोन्ही वर्षांत सांगण्यासारखा फरकच नाही.

तिसरी शक्यता आधी तपासा, त्याला फोटो उघडावे लागत नाहीत. तुमच्या १२२ ची प्रमाण त्रुटी (अंदाज सहज जितका इकडेतिकडे होऊ शकतो ते माप) सुमारे १८ येते, म्हणजे जवळजवळ १५ टक्के. ०.७ या प्रमाणाची स्वतःची त्रुटी १५० फिनच्या नमुन्यावर ५ टक्क्यांच्या थोडी वर. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की १७४ वरची एकूण त्रुटी सुमारे १६ टक्के. लॉग-नॉर्मल (वरच्या बाजूला जास्त ताणलेलं वितरण) धरून ९५ टक्क्यांचा पल्ला निघतो १२८ ते २३७. गेल्या वर्षीचे १४० त्याच्या आत बसतात. "वाढ झाली" हे वाक्य लिहायला या क्षणी काहीच आधार नाही. (साधा अधिक-उणे पल्ला घेऊ नका. प्राणी कमी असले की त्याची खालची कड प्रत्यक्ष ओळखलेल्या प्राण्यांच्याही खाली जाते.)

पण म्हणून विषय संपत नाही, कारण दुसरी शक्यता मला जास्त दाट वाटते. दोन्हींत सापडलेल्यांचा आकडा सूत्रात छेदाला आहे. जुळणी निसटली की तो कमी होतो आणि उत्तर फुगतं. निसटलेली प्रत्येक जुळणी उत्तर वरच ढकलते, कधीच खाली नाही:

१६ धरले तर १२२
१७ → ११५
१८ → १०९
१९ → १०४
२० → ९९

खऱ्या वीस जुळण्यांपैकी चार निसटल्या असतील, तर खुणेचे २३ प्राणी नुसते कागदावर जन्मले. ०.७ ने भागल्यावर ते ३३ होतात. तुमचा फरक ३४ चा आहे. एवढ्यावरून हेच झालं असं म्हणता येत नाही, पण शोध इथून सुरू करा.

उलट चूक, म्हणजे दोन वेगळे प्राणी एक समजणं, उत्तर खाली खेचते. "शंका असेल तर जुळवू नका" असं नवीन माणसाला बजावलं जातं आणि ते योग्यच आहे. त्याची किंमत मात्र पहिल्या प्रकारच्या चुकीत मोजावी लागते, हे सांगायचं राहून जातं.

---

जुनी वही

६,००० फ्रेम पुन्हा बघू नका. निसटलेली जुळणी कुठे लपलेली असू शकते तेवढंच बघा.

फक्त पहिल्या फेरीत दिसलेले: ४० − १६ = २४.
फक्त दुसऱ्या फेरीत दिसलेले: ५० − १६ = ३४.

निसटलेली प्रत्येक जुळणी म्हणजे या २४ पैकी एक आणि ३४ पैकी एक अशी जोडी. एकूण जोड्या २४ × ३४ = ८१६. प्रत्येक प्राण्याचा डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक, असे सर्वांत चांगले फोटो निवडा. फिनची उंची तीन भागांत विभागून सर्वांत मोठी खाच वरच्या, मधल्या की खालच्या भागात आहे, अशा तीन ढिगांत ते लावा. बहुतेक जोड्या एका नजरेत बाद होतात. मोठी खाच नेमकी विभागाच्या सीमेवर असेल तर तो प्राणी दोन्ही ढिगांत ठेवा, नाहीतर ढीग लावण्यातच जुळणी हरवते.

हे काम मूळ जुळणी करणाऱ्याने करू नये. दुसऱ्याने करावं, आणि पहिल्याने काय ठरवलं ते त्याला माहीत नसावं. मतभेद झाला तर तिसरा माणूस. एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त नको. डोळे थकले की सगळ्याच खाचा सारख्या दिसायला लागतात, आणि थकलेला माणूस "नवीन" असा शेरा मारून मोकळा होतो.

दुसरा रस्ता गेल्या वर्षीच्या कॅटलॉगमधून, म्हणजे ओळख पटलेल्या प्राण्यांच्या क्रमांकवार फोटो-संग्रहातून जातो, आणि तो लोक विसरतात. यंदाचे ४० + ५० − १६ = ७४ क्रमांक आहेत. त्यातला प्रत्येक गेल्या वर्षीच्या कॅटलॉगशी ताडून पाहा. यंदाचे दोन वेगळे क्रमांक गेल्या वर्षीच्या एकाच प्राण्याकडे बोट दाखवत असतील, तर तुटलेली जोडी सापडली.

जुळणी निसटते ती साधारण अशी:

फिन तिरकी असते. कॅमेऱ्याच्या काटकोनापासून ३० अंश वळलेली फिन रुंदीला १३ टक्के अरुंद दिसते, खाचही तेवढीच उथळ. ४५ अंशांना ३० टक्के जातात, तिथे तुलना करण्यात अर्थ नाही. म्हणून खाचेच्या खोलीवर कमी आणि उभ्या अंतरांच्या गुणोत्तरावर जास्त विसंबा: दोन सर्वांत मोठ्या खाचांमधलं अंतर भागिले खालच्या खाचेपासून फिनच्या टोकापर्यंतचं अंतर. प्राणी जवळ असो की लांब, हे गुणोत्तर तेच राहतं, आणि आडव्या तिरकेपणाचाही त्यावर फारसा परिणाम होत नाही.

डावी बाजू उजवीशी ताडलेली असते. मागच्या कडेवरच्या खाचा आरपार असतात, त्या दोन्हीकडून दिसतात, पण आरशातल्यासारख्या उलट. एक फोटो आडवा पलटवा आणि मग शेजारी ठेवा. ओरखडे आणि डाग मात्र एकाच बाजूचे असतात. डावीकडे ओरखडा आहे आणि उजवीकडे नाही, म्हणून प्राणी वेगळा ठरवणं ही ठळक चूक.

ओरखड्यांवर भिस्त ठेवलेली असते. डॉल्फिन एकमेकांना दात मारतात, त्याच्या समांतर रेघा काही महिन्यांत पुसट होतात. एकाच मोसमातल्या दोन फेऱ्यांत त्या आधाराला चालतात, वर्षापलीकडे नाही.

नवी खाच जुनीला गिळते. दोन छोट्या खाचांच्या जागी एक मोठी दिसली तर प्राणी नवीन ठरवू नका. कडेचा न बदललेला भाग, विशेषतः तळाकडचा, ताडून पाहा.

आणि झेनोबॅलॅनस. हा बार्नेकल फिनच्या मागच्या कडेला लोंबतो, खाच झाकतो किंवा स्वतःच बारीक खाचांसारखा दिसतो, आणि पुढे गळून पडतो. फोटो शंभर टक्के मोठा करून कडेला गडद, मऊ, लोंबणारं काही आहे का ते बघा.

जुळणीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते फक्त क्रमवारी लावतं हे लक्षात असू द्या. "पहिल्या वीसांत नाही, म्हणजे नवीन" हा नियम कुठे लिहिलेला नसतो, पण पाळला जातो. हंपबॅक देवमाशाच्या शेपटीच्या खालच्या बाजूची रंगांची नक्षी यंत्राला फार चांगली जमते, हॅपीव्हेल या संकेतस्थळावर ते काम मोठ्या प्रमाणावर चालतं. डॉल्फिनच्या फिनची नुसती कड ही त्यापेक्षा खूप कमी माहिती आहे.

---

सुकाणू

नवीन फोटोग्राफर हा मुद्दा सोडू नका. त्याने फोटो वाईट काढले असतील असं नाही, वेगळे काढले असतील. दोन्ही वर्षांच्या फोटोंना एकाच माणसाकडून, वर्ष न सांगता, प्रतीचे गुण द्यायला लावा: फोकस, उजेड-अंधारातला फरक, कोन, फिन पूर्ण पाण्याबाहेर आहे का, चौकटीचा किती भाग फिनने व्यापला आहे. गुण देताना खाचा किती ठळक आहेत हे बघायचंच नाही. इथेच गफलत होते: ठळक खुणेची फिन धूसर फोटोतही ओळखू येते म्हणून फोटोला चांगले गुण मिळतात, आणि बारीक खुणेचे प्राणी धूसर फोटोंबरोबर बाद होतात.

दोन फेऱ्यांपैकी एकीत चांगल्या फोटोंचं प्रमाण बरंच कमी निघालं, तर जुळण्या का निसटल्या ते समजेल.

पुढच्या फेरीसाठी:

शटर १/१६०० सेकंद किंवा जलद. १/१००० च्या खाली नाही, कारण बोट आणि प्राणी दोन्ही हलतात. छिद्र एफ ८ च्या आसपास, आयएसओ स्वयंचलित, वरची मर्यादा १६०० ठेवून. १००-४०० मि.मी. ची झूम पुरेशी आहे. ६०० मि.मी. च्या लेन्सने लहान बोटीवर फिन चौकटीत सापडेपर्यंत ती पाण्याखाली गेलेली असते. फोकस सतत चालणारा, आणि फक्त मधल्या बिंदूंवर, नाहीतर तो समोरच्या लाटेवर बसतो.

उजेड तुमच्या पाठीमागून घ्या. समोरून उजेड असला तर काळी आकृती मिळते; खाचांना ती चालते, पण ओरखडे आणि डाग जातात, मग पिल्लू कोणत्या मादीबरोबर आहे हे ठरवणं अवघड होतं.

बोट गटाला समांतर, त्यांच्याच वेगाने, ३० ते ५० मीटरवर. मागून बाजूने हळूहळू जवळ जायचं. समोरून आडवं जायचं नाही, गट दोन भागांत फोडायचा नाही, गिअर सतत बदलायचा नाही. इंजिनाचा बदलता आवाज एकसुरी आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. बुड्या लांबल्या, दिशा वारंवार बदलली, गट आवळून आला, शेपटीचे फटके सुरू झाले, यातलं काहीही दिसलं की फोटो अपुरे असले तरी मागे फिरा. तान्हं पिल्लू असेल तर तसंही थोडक्यात आटपा. परवान्यात अंतर आणि वेळ दिलेली असते, पण परवान्याची हद्द गाठेपर्यंत थांबायचं कारण नाही. त्रासलेला गट फोटोही वाईट देतो.

सर्वांत महत्त्वाचं: सगळ्यांचे फोटो काढा. ओळखीची, छान फाटलेली फिन दिसली की कॅमेरा आपोआप तिच्याकडे वळतो. त्याने ०.७ हे प्रमाणच बिघडतं. खुणेच्या प्राण्यांचे फोटो जास्त काढले तर प्रमाण वाढतं आणि एकूण संख्या खोटी कमी येते. तसंच बोटीच्या नाकाशी खेळायला येणारे धीट प्राणी दोन्ही फेऱ्यांत पुन्हा पुन्हा मिळतात, लांब राहणारे निसटतात. त्यानेही संख्या कमी येते. म्हणजे तुमच्याकडे एकमेकींच्या उलट ओढणाऱ्या चुका एकाच वेळी असू शकतात, आणि उत्तर "बरोबर" दिसलं म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही.

प्रत्येक गटाच्या सुरुवातीला आणि शेवटी नोंदपत्रकाचा एक फोटो घ्या. दोन गटांचे फोटो मिसळले की नंतर ते सोडवता येत नाहीत. सकाळी निघताना जीपीएसच्या पडद्यावरच्या वेळेचा फोटो घ्या, म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ किती मागेपुढे आहे ते कळतं. लेन्सवर खारं पाणी उडालं तर कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. गोड्या पाण्याने ओलसर केलेलं कापड आधी, कोरडं नंतर.

आणि प्राणी दिसोत न दिसोत, बोट कुठे, किती वेळ, कोणत्या समुद्रस्थितीत फिरली याची नोंद वेगळी ठेवा. ती नसेल तर "दिसले नाहीत" आणि "बघितलंच नाही" यात फरक उरत नाही.

---

उधाण

चर्चा थोडी वळवतो. ज्यांच्या पाठीवर फिनच नाही त्यांचं काय? फिनलेस पॉरपॉइझ (डॉल्फिनसारखा लहान सागरी सस्तन प्राणी), डुगाँग (समुद्रगाय), किंवा ज्यांच्या फिनला खाचाच नसतात असे?

---

खोलपाणी

प्रत्येक जातीत आधी टिकाऊ खूण शोधतात. राइट व्हेलच्या डोक्यावरचे खरखरीत चट्टे, ऑर्काच्या फिनमागचा करडा ठसा, निळ्या देवमाशाच्या कुशीवरची ठिपक्यांची नक्षी, काही सीलच्या केसाळ कातडीवरचे डाग. फ्लोरिडातले मॅनटी तर बोटींच्या पंख्यांच्या जखमांवरून ओळखले जातात, इतके ते प्राणी जखमी होतात. ऑर्काचा ठसा दोन्हीकडे सारखा नसतो, म्हणून तिथे डाव्या आणि उजव्या बाजूची गणना स्वतंत्र ठेवतात.

खूणच नसेल तर प्राणी ओळखायचा नाद सोडून रेषेवरून मोजतात. आखलेल्या रेषांवर बोट चालवायची, प्राणी दिसला की अंतर आणि बोटीच्या दिशेशी असलेला कोन नोंदवायचा. रेषेपासूनचं लंब अंतर म्हणजे अंतर गुणिले कोनाचा साइन: ८०० मीटर आणि ३० अंश म्हणजे ४०० मीटर. अंतर वाढत जातं तसं दिसणं किती घटतं त्याचा वक्र बसवायचा आणि त्यावरून घनता काढायची.

यात सर्वांत नेहमीची चूक कोन गोल करण्याची. ८०० मीटरवर ५ अंश म्हणजे रेषेपासून ७० मीटर. निरीक्षकाने "जवळजवळ सरळ समोर" म्हणून शून्य लिहिलं की ते शून्य मीटर होतं. असे शून्य साठले की वक्राला रेषेवर टोक येतं, प्रत्यक्ष तपासलेला पट्टा अरुंद ठरतो आणि घनता फुगते. कोनफळी वापरा, डोळ्याने अंदाज नको, आणि निरीक्षक अर्ध्या तासाने बदला. पॉरपॉइझसाठी समुद्रस्थिती बोफर्ट (वाऱ्या-लाटांच्या जोराची श्रेणी) २ च्या वर गेली की थांबा. पांढऱ्या फेसाळ लाटांत तो लहानसा काळा पाठीचा तुकडा दिसतच नाही.

दुसरी चूक म्हणजे रेषेवरचा प्राणी नक्की दिसतो असं गृहीत धरणं. तो खाली असेल तर कसा दिसेल? क्युव्हिएच्या चोचदार देवमाशाची सर्वांत लांब नोंदलेली बुडी २२२ मिनिटांची आहे. रेषेवरच्या दोनपैकी एकच दिसत असेल आणि दुरुस्ती केली नाही, तर उत्तर निम्मं येतं. त्यासाठी एकमेकांना न सांगता बघणाऱ्या दोन तुकड्या ठेवतात, आणि बुड्यांची माहिती प्राण्यांना लावलेल्या टॅगवरून घेतात.

तिसरा मार्ग कानाचा. पॉरपॉइझचे क्लिक (सावज शोधायला काढलेले टिकटिक आवाज) १३० किलोहर्ट्झच्या आसपास असतात. ते पकडायला नमुनादर (सेकंदाला आवाज किती वेळा मोजायचा तो दर) निदान दुप्पट, म्हणजे २६० च्या वर हवा. व्यवहारात ३८४ घेतात. १६ बिटला सेकंदाला ७६८ किलोबाइट, दिवसाला ६६ गिगाबाइट. ५१२ गिगाबाइटचं कार्ड आठवडाभरात भरतं. दर १५ मिनिटांपैकी ५ मिनिटं नोंद केली तर तीन आठवडे चालतं. इतका उंच आवाज पाण्यात लवकर विरतो, त्यामुळे ऐकू येण्याचा पल्ला काहीशे मीटरच असतो. एका हायड्रोफोनने (पाण्याखालच्या मायक्रोफोनने) अख्खी खाडी ऐकू येते असं समजू नका. मासे शोधण्याच्या सोनारचे ठोके ठरावीक अंतराने येतात, प्राण्याचे क्लिक मात्र सावजाजवळ जाताना हळूहळू दाट होतात. या फरकावरून ते वेगळे काढता येतात.

क्लिकवरून प्राण्यांची नेमकी संख्या मिळणं कठीण, पण चढउतार फार चांगला कळतो. मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातातला व्हाकिटा हा पॉरपॉइझ हे त्याचं दुःखद उदाहरण. १९९७ मध्ये सुमारे ५६७, २००८ मध्ये सुमारे २४५ असा अंदाज होता, २०१५ मध्ये नजर आणि हायड्रोफोन दोन्ही वापरून काढलेला अंदाज ५९ वर आला. इतके थोडे प्राणी उरले की बोटीवरून ते दिसत नाहीत. मासे कल्ल्यांशी अडकवणाऱ्या गिल जाळ्यांत ते किती वेगाने संपत चाललेत हे सांगितलं ते तळाशी ठेवलेल्या यंत्रांनी.

---

भरतीरेषा

सगळ्यांचे आभार. दुसऱ्या व्यक्तीने ८१६ जोड्या तपासल्या, दीड दिवस लागला. चार जुळण्या सापडल्या, चारही तिसऱ्याने मान्य केल्या. दोन ठिकाणी फिन ४० अंशांच्या पुढे वळलेली होती. एकात फोटो पलटवून बघितलेला नव्हता. चौथ्यात वरच्या दोन खाचांची एक झाली होती, आणि तो गेल्या वर्षीच्या कॅटलॉगमार्फतच सापडला: यंदाचे दोन क्रमांक त्याच एका प्राण्याकडे गेले.

आता १६ ऐवजी २०. खुणेचे ९९, एकूण १४१. प्रतीचे गुण लावले तेव्हा पहिल्या फेरीतल्या दोन दिवशी चांगल्या फोटोंचं प्रमाण निम्म्यावर आलेलं दिसलं. कॅमेऱ्याचं शटर १/५०० वर राहिलं होतं.

दोन प्रश्न उरले. १४१ गेल्या वर्षीच्या १४० ला इतके जवळ आहेत की "स्थिर" लिहायचा मोह होतोय, ते चालेल का? आणि चुकून दिलेल्या चार क्रमांकांचं काय करायचं?

---

मोजपट्टी

"स्थिर" लिहू नका. नवी त्रुटी सुमारे १३ टक्के, पल्ला ११० ते १८१. दोन वर्षांचे दोन बिंदू आणि एवढा पल्ला असताना वर्षाला पाच टक्क्यांची घसरणही यात लपून जाईल. पद्धत, पल्ला आणि सुधारलेली चूक तिन्ही लिहा, आधीचा १७४ चा आकडाही लिहा. पुढच्या वर्षीपासून एका मोसमात दोनऐवजी चार-पाच छोट्या फेऱ्या केल्या तर पोलॉकची रोबस्ट रचना वापरता येईल: मोसमाच्या आत गट बंद धरायचा, दोन मोसमांच्या मध्ये उघडा. जगण्याचं प्रमाण आणि तात्पुरतं बाहेर जाणं त्यातून वेगळं काढता येतं. फिरून-फिरून येणारे पाहुणे आहेत की नाहीत, या मी आधी मांडलेल्या पहिल्या शक्यतेचं (बाहेरून प्राणी आले) उत्तरही तिथेच मिळेल.

आकडा पुढे कुठे जातो तेही बघून ठेवा. अमेरिकेच्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक सूत्र आलं: संख्येचा सावध, खालचा अंदाज गुणिले वाढीच्या कमाल दराचा निम्मा भाग गुणिले सावधगिरीचा गुणक. माणसामुळे वर्षाला किती मृत्यू त्या गटाला झेपतील, ते यातून निघतं. तुमच्या १४१ साठी सावध अंदाज १२७ येतो. १२७ × ०.०२ (४ टक्क्यांचा निम्मा) × ०.५ (सावधगिरीचा गुणक) म्हणजे वर्षाला १.२७. आधीच्या १७४ साठी तोच अंदाज १५२ च्या आसपास, आणि उत्तर १.५२. दहा वर्षांत हा फरक अडीच डॉल्फिनचा होतो. चार फोटो नीट न जुळल्यामुळे आणखी दोन-तीन प्राणी जाळ्यात मेले तरी चालतील, असं कागदाने म्हटलं असतं. दीडशेच्या आतल्या गटात त्यातल्या दोन व्यायलेल्या माद्या असतील तर ते फार मोठं नुकसान आहे.

---

जुनी वही

क्रमांकांबद्दल: जुना, आधी दिलेला क्रमांक कायम ठेवा. नंतरचा क्रमांक पुसू नका, "बंद, अमुक क्रमांकात विलीन" असं तारखेसह लिहा, आणि तो दुसऱ्या प्राण्याला कधीही देऊ नका. मूळ फोटोंची नावं बदलू नका. जुळणी वेगळ्या तक्त्यात ठेवा, म्हणजे उद्या कुणाला तुमचा निर्णय चुकीचा वाटला तर तो मागे घेता येईल. जुळवणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव, तारीख, आणि कशावरून जुळवलं ते एका ओळीत.

हे कॅटलॉग तुमच्यापेक्षा जास्त वर्षं चालायला हवं. फ्लोरिडातल्या सारासोटाच्या उपसागरात १९७० पासून डॉल्फिनच्या एकाच गटावर काम चालू आहे, आणि तिथली निकलो नावाची मादी ६७ वर्षांची होईपर्यंत ओळखली जात होती. ऑर्काच्या बाबतीत मायकेल बिग आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर काढलेल्या फोटोंपासून सुरू झालेल्या वंशावळ्या आजही पुढे लिहिल्या जातात.

ज्या चौथ्या प्राण्याच्या दोन खाचांची एक झाली, त्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी लावून कॅटलॉगच्या पहिल्या पानावर ठेवा. नव्याने जुळणीला बसणाऱ्या प्रत्येकाला कॅटलॉग उघडण्याआधी ती जोडी उत्तर न सांगता दाखवा. आणि खाच बदललेल्या प्रत्येक प्राण्याचा बदलापूर्वीचा शेवटचा फोटो कधीच काढून टाकू नका, तो कितीही धूसर असला तरी.